गायरानावरची माझी सही

तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेत काय ठरलं, सांगता येईल? वहीत तुमची सही असेल कदाचित. माझी होती.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ती छापून आणायचे आणि मी माण तालुक्यातल्या बाजारांत वाटायची. ‘वाचल्याशिवाय सही नको’ हे त्यांतलं वाक्य मी पाढ्यांसारखं शिकले. पुढे सांगलीला कायदा शिकले आणि साताऱ्यात ग्रामपंचायतींची, गायरानांची प्रकरणं चालवू लागले.

आमच्याकडे सभेला माणसं कमी आली की शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो. जत्रेला गावी गेले होते तेव्हा तो आला, ओट्यावर बसला.

“वकीलबाई, हितं एक सही. नुसती हजेरी हाय.”

सह्यांच्या वरची जागा कोरी होती. मी त्याला चहा दिला आणि सही केली. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

दोन महिन्यांनी चुलती साताऱ्याला माझ्याकडे आली. कोऱ्या जागेत ठराव उतरला होता: गावचं गायरान खडी क्रशरला द्यायला ग्रामसभेची हरकत नाही. चुलतीच्या शेळ्यामेंढ्या त्याच माळावर चरतात. माळ गेला की कळप विकायचा आणि म्हातारपणी मुंबईला लेकाच्या खोलीत जाऊन पडायचं.

“तुजी बी सही हाय म्हनं त्यावर?”

“हाय.”

“वाचलं न्हाईस?”

“न्हाई.”

“मग तुज्यात आन् माज्यात फरक काय गं? माजा अंगठा, तुजा पेन!”

ती हसली. मला हसू येईना.

गायरान क्रशरला देण्याचं प्रकरण प्रांतसाहेबांपुढे होतं. आता मी वकील नव्हे, साक्षीदार होते. म्हणून चुलतीचं वकीलपत्र एका वकील मैत्रिणीला द्यायला लावलं आणि स्वतः प्रतिज्ञापत्र केलं: मी सभेला नव्हते, कोऱ्या पानावर घरी सही केली. सुनावणीत क्रशरवाल्यांचे वकील चष्मा पुसत म्हणाले, “बाई, अशिलांचे कागद तरी वाचता ना?” सगळे हसले.

“ते वाचते,” मी म्हणाले. “पण त्या दिवशी नव्हतं वाचलं.”

मागून चुलती उठली. “सायेब, माजा अंगठा बी घरातच घेतलाय. भाकरी थापत हुते. पिठाचा डाग असंल बघा.”

साहेबांनी वही उघडली. पिठाचा डाग कुठला दिसायला! पण तिच्या मागं एकेक जण उठू लागला. गोठ्यात, दुकानात, पारावर सही केलेली माणसं. इतके दिवस गप्प होती. लाज वाटत होती त्यांनाही.

साहेबांनी तो ठराव ग्राह्य धरला नाही आणि पुन्हा ग्रामसभा घ्यायला सांगितलं.

ती सभा शाळेच्या पटांगणात झाली. वही फिरू लागली तशी चुलतीनं ती मांडीखाली घेतली. “आदी लिवा, मग वरडून वाचा. आमी हितंच बसलोय.” ग्रामसेवक घाम पुसत लिहीत राहिले. गायरान चराईलाच राहील, असा ठराव झाला. मोठ्यानं वाचला गेला आणि मगच अंगठे उठले.

क्रशरवाले पुन्हा येतील. येऊ देत.

तुमच्या दारात वही आली तर शिपायाला चहा जरूर पाजा. सही मात्र सभेत जाऊन करा, ठराव पुरा लिहून वाचून दाखवल्यावर. पुढची ग्रामसभा कधी आहे, ते आजच पंचायतीत विचारून या.