पाण्याच्या टाकीतली सासू

कागदावर बघाल तर सुलक्षणाची सासू पाण्याच्या टाकीत राहते.

चारकोपच्या आमच्या सेक्टरात सगळी घरं बैठी. मधे चौक, भोवती दारं. म्हणजे मिळाली तेव्हा बैठी होती. पुढे पोरं झाली, सुना आल्या, तशी घरं वर चढत गेली. नकाशाला कुणी सांगितलं नाही, एवढंच. पालिकेचा फाईलवाला माणूस चौकात शिरला की आम्ही सगळ्या वरच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतो. सुलक्षणा तर यात एकदम पोचलेली. एकाने तिच्या दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "ती टाकी आहे."

"टाकीला खिडकी?"

"मग पाण्याला हवा नको?"

तो बिचारा निघून गेला.

त्या टाकीत तिची सासू. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांपासून लांब बरी म्हणून म्हातारीला वर नेलं आणि तिथेच तिचे गुडघे गेले. जिना लोखंडी, उभा, शिडीच म्हणा. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. सुलक्षणा ताट घेऊन वर जाते, ताट घेऊन खाली येते. नवरा सहदेव लिफ्टच्या दुरुस्तीला जातो. यावर मी काही बोलत नाही.

गेल्या थंडीत गंधाली नावाची कॉलेजातली मुलगी मोठी पेटी घेऊन आली. भूकंपाचा खेळ. एक टेबल, बटण दाबलं की हलतं. प्रत्येकाने त्यावर ठोकळ्यांनी आपलं घर रचायचं, एका मजल्याला एक ठोकळा. घरातलं माणूस आत्ता जिथे असेल तिथे त्याची सोंगटी ठेवायची. मग टेबल हलवायचं, आणि पडझड झाली की एकमेकांची माणसं शोधून काढायची.

आमच्यात नजरानजर झाली. पालिकेची माणसं आता मुली पाठवायला लागली! सगळ्यांनी एकेकच ठोकळा ठेवला. मीही एकच ठेवला, खोटं कशाला बोलू. सुलक्षणाने सासूची सोंगटी हॉलमध्ये ठेवली.

तेवढ्यात वरून हाक आली, "गो सुलक्षणा, खाली काय चल्लाहा?"

गंधालीने वर पाहिलं. "कोण आहे?"

"रेडिओ," सुलक्षणा म्हणाली.

टेबल हललं. एक ठोकळा नुसता सरकला, कुणाला खरचटलंही नाही. गंधाली बिचारी खूश. म्हणाली, इतकी मजबूत वस्ती मी पाहिली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"पण समजा, सगळंच पडलं," म्हणत तिने हाताने ठोकळे पाडले. "आता सुलक्षणाताईंच्या सासूबाईंना कोण शोधणार?"

सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकभाऊ बाह्या सरसावून पुढे आले. "मी. हॉलमध्ये आहेत." आणि मन लावून हॉलचा ढिगारा उपसायला लागले. सोंगटी मिळाली तशी त्यांनी ती सुलक्षणाच्या तळहातावर ठेवली. "घ्या. सुखरूप."

सुलक्षणा त्या सोंगटीकडे बघत राहिली. मग जी भडकली!

"डोंबल सुखरूप! तिथे नाहीत त्या! तुम्ही खाली उकराल, आणि त्या वर पडून राहतील!" तिने पेटीतले ठोकळे घेतले आणि एकावर एक ठेवले. "हे घर. हा पोटमाळा. ही माझी टाकी. आणि ही माझी सासू, टाकीत. लिही बाई, काय लिहायचंय ते."

"मी काहीच लिहीत नाही हो," गंधाली घाबरून म्हणाली. "हा खेळ आहे."

मग कुंडलिकभाऊंनीच मान खाली घालून आपल्या घरावर दोन ठोकळे चढवले. मी चढवला. मग रांगच लागली. ठोकळे संपले, तेव्हा चहात बुडवायला आणलेले कडक बटर रचले.

टेबल पुन्हा हललं. सगळं खाली. सासूची सोंगटी कुठे गेली, ते कळेना. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून शोधत होतो. शेवटी कुंडलिकभाऊंच्या खुर्चीखाली सापडली. सुलक्षणा तिथेच, फरशीवर बसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मलाही आवरेना.

संध्याकाळी सहदेव आला.

"आईंना खाली आणायचंय," ती म्हणाली.

"हॉलमध्ये सोफा आहे, सुलू. खाट मावेल कुठे?"

"सोफा काढा. दिवसभर दुसऱ्यांच्या आया वरखाली करता ना?"

सहदेवने बूटही काढले नाहीत. भूकंप येणार आहे असं सांगून चौघांनी म्हातारीला खुर्चीला बांधून त्या शिडीवरून उतरवलं. ती डोळे मिटून देवाचं नाव घेत होती, मधेच सहदेवला शिव्या घालत होती. सोफा आता माझ्या दारात आहे. कुत्रं झोपतं त्यावर.

म्हातारी मात्र दिवसभर उंबऱ्याशी बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवते, भाजी कितीला आणली विचारते, महाग पडली म्हणून सांगते. चेहरा कसा फुललाय.

परवा मी वाटी परत करायला गेले, तेव्हा ती सुलक्षणाला हळूच विचारत होती, "गो, तो भूकंप इलो काय?"

"नाही अजून."

म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आणि इलोच नाय, तर माका परत वर धाडतलात?"

सुलक्षणा लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

"येणार आहे, आई," ती म्हणाली. "नक्की येणार आहे. तुम्ही बसा इथेच."