मुळाच्या तीन गाठी

माझे मामा एकतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पती-संग्रहात वाळलेली झाडं कागदावर चिकटवत होते. वनस्पतिशास्त्राचं सगळं घोडं शेवटी त्या कागदापाशीच येऊन अडतं. झाडाला नाव द्यायचं तर त्याचा वाळलेला नमुना लागतो, आणि नमुन्यात जे नाही ते नव्हतंच असं धरतात. समोरच्या टेबलावर मी लेबलं लिहायचे. माझं अक्षर देखणं, आणि त्याचा मला भारी तोरा.

एका वर्षी पंपघरामागच्या भिंतीच्या फटीत मामांना तीन-चार टीचभर रोपं दिसली. असलं रोप आपल्या हाताखालून कधीच गेलेलं नाही, याची त्यांना खात्री. एक त्यांनी मुळासकट अलगद काढलं, टीपकागदात दाबून वाळवलं. चिकटवताना मुळाचा गुंता नेमका माझ्या लेबलाच्या कोपऱ्यात आला.

"मामा, ही शेपटी उडवा की. लेबल काय डोक्यावर लावू?"

"मूळ कापत नसतात गं."

"मूळ बघायला कोण येतंय!"

दुसऱ्या कुणी आणलेलं रोप असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. स्वतःच्या रोपासाठी हट्ट कसा धरायचा, ही भीड आड आली. कात्री चालली. मुळाला मण्यांएवढ्या तीन गाठी होत्या. कचऱ्याबरोबर त्या मीच टोपलीत टाकल्या.

महिन्याने विभागप्रमुख बाईंनी तो कागद भिंगाखाली धरला. "मुळाला गाठी असतील तर ही नवी जात. नाहीतर नेहमीचंच तण. मूळ कुठाय?"

मामांचा चेहरा उतरला. "मी कापलं. पण गाठी होत्या, बाई."

"आणखी कुणी पाहिल्या? तशी नोंद करते, म्हणजे पुढे शोध तरी घेता येईल."

मी मान खाली घालून पेनात शाई भरत बसले. बोलले असते तर कात्री कुणाच्या हट्टाने चालली तेही बाहेर आलं असतं. मामांनी माझं नाव घेतलं नाही. पंपघरामागच्या भिंतीला तोवर गिलावा होऊन उरलेली रोपंही गेली होती. बाईंनी सांगितलेलं तणाचं नाव मी वळणदार अक्षरात लिहिलं. आजही त्याची लाज वाटते.

मामांनी पुन्हा कधी स्वतः शोधलेलं रोप आणलं नाही.

अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी त्यांनीच विचारलं, "खरं सांग, होत्या का गं त्या गाठी? की मला भास झाला?"

"होत्या, मामा. तीन होत्या."



"इतकी वर्षं मी स्वतःलाच खोटा समजत होतो गं," ते म्हणाले, आणि त्यांनी कूस बदलली.