नऊ नावांची एक छाती

ईश्वरप्पाला माणसांचे चेहरे आठवायचे नाहीत, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. छातीचा फोटो काढायचा म्हणजे माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहणार. हनुवटी फिल्मच्या पेटीवर, हात कमरेवर, खांदे पुढं. फोटो काढणाऱ्याला दिसते ती नुसती पाठ. वीस वर्षं त्यानं सोलापूरच्या पाठी बघितल्या. बाजारात कुणी "काय आण्णा, ओळखलं का?" म्हणालं, की हा ओशाळून हसायचा. तोच माणूस वळून चालायला लागला की मागनं ओरडायचा, "अहो, तुमची बरगडी जुळली का नीट?"

मी त्याच्या खोलीबाहेर टेबल टाकून बसलेला कारकून. नाव, वय, गाव लिहायचं, नंबराची चिठ्ठी द्यायची, पुढचा बोलवायचा. मला चेहरे समोरून दिसायचे, पण मी मान वर करत नसे. रजिस्टरात चेहऱ्याचा रकाना नव्हता, मग बघायचा कशाला?

आमचा दवाखाना धर्मादाय. किरण अडवणारा शिशाचा एप्रन एकच, आणि तोही तपासणीला साहेब लोक आले की दाखवायला कपाटात ठेवलेला. ईश्वरप्पा मात्र मिरजेला शिकून आलेला. तो त्यावरून दरवेळी भांडायचा, आणि दरवेळी एप्रन परत कपाटात जायचा. लोकांना वाटे फोटो हेच औषध. होटगीची बजाबाई तर फोटो काढल्यावर कंबर दुखायची थांबली म्हणून नारळ घेऊन आली आणि यंत्राला हळदकुंकू वाहून गेली. ईश्वरप्पाच्या तोंडात दिवसभर एकच मंत्र: श्वास घ्या, थांबा, हलू नका. भवानी पेठेत घरी बायको रत्नम्मा भांडायला उठली तरी हा सवयीनं म्हणायचा, "श्वास घे, थांब." ती श्वास घ्यायची. थांबायची मात्र नाही.

चौऱ्याहत्तर साली एका गिरणीनं फर्मान काढलं. बदली कामगाराला कायम व्हायचं असेल तर तीन वर्षं ओळीनं छातीचा फोटो साफ पाहिजे. डाग निघाला की घरी. उपचार, रजा, असलं काही त्या कागदावर नव्हतं. कागद काढणाऱ्यांची छाती कोण तपासतो? रांगा लागल्या; ईश्वरप्पाला पाठीसुद्धा नीट बघायला सवड मिळेना. संध्याकाळी डॉक्टरसाहेब एक चहा होईपर्यंत चाळीस फिल्मा बघायचे आणि चाळीसवेळा "छाती साफ" लिहून सही ठोकायचे.

दुसऱ्या वर्षी, तपासणीच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, ईश्वरप्पानं आठवड्याभरातल्या नऊ फिल्मा माझ्या खिडकीच्या काचेला एकाशेजारी एक लावल्या.

"भाऊसाहेब, हितं बघा. मानेच्या मुळाशी, डावीकडं. एक बरगडी जादा हाय. दोनतीनशे माणसांत एखाद्याला असती."

"मग?"

"हितं नऊच्या नऊ जणांना हाय."

"पाव्हणे असतील एकमेकांचे."

"अय्यो, भाऊसाहेब! नावं नऊ हायत, गावं नऊ हायत. छाती एकच हाय. गेल्या वर्षीच्या काढून बघितल्या, त्यात बी हीच."

मी रजिस्टर मिटलं. "आपण बरं की आपलं काम बरं," म्हणालो. कारकुनाला एवढं शहाणपण असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पानं ती छाती पकडली. दहाव्या नावानं आलेल्या माणसाला त्यानं पेटीसमोर उभं केलं, मागनं हात घालून गळ्याच्या मुळाशी चाचपलं, तर बोटाला टणक लागलं. "वळ की बे इकडं!" म्हणाला.

तो भिमा. मंद्रूपकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हापासून गिरणीबाहेर कापसाच्या गासड्या उचलत होता आणि श्रीमंत नावाच्या बदलीवाल्याच्या खोलीत एका कोपऱ्यात राहत होता. मेंढरांमागं माळ तुडवून कमावलेली छाती, ती आता भाड्यानं देत होता. दर ठरलेला: एका फोटोला एक मटणाचं जेवण.

"अरे येड्या," ईश्वरप्पा कळवळून म्हणाला, "हे किरण जितके कमी अंगात जातील तितकं बरं. जिथं वर्षात एक फोटो काढायचा, तिथं तू नऊ काढतोस?"

"दुकत तर न्हाय की, आण्णा."

"दुखत नाही तेच वाईट, बे."

"श्रीमंतला तीन पोरी हायत. त्यो लई खोकतंय. त्याची छाती दावली तर उद्या गेटाच्या भायेर. बाकीचे आट जण नुस्तं भ्यालेत. आन माजी छाती मोकळीच हाय की! लागू द्या कुनाच्या तरी कामाला."

दहावा फोटो ईश्वरप्पानं काढला नाही. नऊ मात्र जाऊ दिले. मला म्हणाला, "बोललो तर नऊ घरांची चूल विझंल." मी म्हणालो, "तेच तर." मला हायसं वाटलं. खरं तर लाज वाटायला पाहिजे होती.

तिसरं वर्ष, म्हणजे कायम व्हायचं वर्ष. नऊ फिल्मा आल्या, आणि नवांवरही उजव्या बाजूला वरती, एकाच जागी, एकाच आकाराचा डाग. श्रीमंतच्या खोलीत श्रीमंतशेजारी झोपून दुसरं काय होणार होतं?

डॉक्टरसाहेबांना मात्र आनंद मावेना. नऊ कामगार, एकच डाग! गिरणीच्या हवेचा नवाच आजार त्यांनी शोधून काढला होता. पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं, नवा कोट शिवायला टाकला. गिरणीत खिडक्या उघडाव्यात की बंद कराव्यात यावर समिती बसली. नवांना नोटिसा निघायच्या तयारीत होत्या.

ईश्वरप्पा माझ्या टेबलापाशी आला. डोळे लाल. "भाऊसाहेब, नऊ जणांच्या नावावर क्षयरोग लागला. आणि ज्याला लागलाय त्याचं नाव कुठंच नाही. त्याला इंजेक्शन कोण देणार? मी गेल्या वर्षीच बोलायला पाहिजे होतं." एवढं बोलून तो निघून गेला. दुपारी त्यानं भिमाला दंडाला धरून आणलं, माझी चिठ्ठी न घेता दहावा फोटो काढला, आणि फिल्मवर शिशाच्या अक्षरांनी भिमाचंच नाव लावलं.

संध्याकाळी मी रजिस्टर घेऊन आत गेलो, तेव्हा तो ती फिल्म साहेबांसमोर ठेवत होता.

"दहावा!" साहेब खूश झाले. "हा कुठल्या खात्यातला?"

"कुठल्याच नाही साहेब. मेंढरं राखायचा."

"मग त्याचं इथं काय काम? काढ ती. माझा निबंध गिरणीवर आहे."

"साहेब, डाग सोडा. वर मानेपाशी बघा. आता बाकीच्या नवांवर बघा."

साहेबांनी एक बघितली, दुसरी बघितली. पाचवीला चष्मा काढून पुसला. चहावर साय धरली.

"गेल्या वर्षी हे असंच होतं?"

"होय साहेब. त्याच्या आदल्या वर्षी बी. खाली तुमची सही हाय, छाती साफ म्हणून."

पुण्याचा निबंध त्या संध्याकाळीच वारला. फिल्मा खराब निघाल्या असं गिरणीला कळवलं आणि नवांना पुन्हा बोलावलं. या वेळी साहेब स्वतः दारात उभे. आठ जणांच्या छात्या स्वच्छ निघाल्या! तीन वर्षं उगीचच मटण खाऊ घातलं बिचाऱ्यांनी. डाग एकट्या श्रीमंतला. साहेब शेरा लिहायला लागले, तर ईश्वरप्पा जुन्या फिल्मांचं बाड काखेत धरून समोर उभा. साहेबांनी त्या बाडाकडं बघितलं आणि लिहिलं, "उपचारानंतर कामावर घ्यावे."

या सगळ्यात शिक्षा एकालाच झाली. ईश्वरप्पाला मेमो. चिठ्ठीशिवाय एक फिल्म वाया घालवल्याबद्दल खुलासा द्यावा. तो मीच टाइप केला, आणि उत्तरही त्यानं माझ्याकडूनच लिहून घेतलं: "वाया गेल्या त्या सत्तावीस. ही एक कामाला आली."

मग भिमाला औषधोपचारासाठी रीतसर नोंदवायचं होतं. माझ्या टेबलासमोर तो उभा राहिला. मी खाली बघूनच विचारलं, "नाव?"

"श्रीमंत..." म्हणाला, आणि जीभ चावली. मग हळूच, "ह्या टायमाला कुनाचं सांगू, भाऊसाहेब?"

मी मान वर केली. सत्तावीस फोटोंसाठी हा माणूस माझ्यापुढं उभा राहिला होता, आणि मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले.

"तुझंच सांग," ईश्वरप्पा दारातून म्हणाला.

त्यानं सांगितलं, मी लिहिलं. मग भिमानं ईश्वरप्पाकडं बघून विचारलं, "आन आण्णा, माज्या फोटूचं जेवान कोन देनार?"

"मी देणार. बरा होईस्तोवर, रोज."

दीड वर्ष भिमा इंजेक्शन घेऊन भवानी पेठेत जेवायला जात होता. लिंगायताचं घर, मटणाचं नाव नाही. "माज्या नावानं निस्ती भाजी-भाकरी," म्हणून तो रोज कुरकुरायचा, आणि रत्नम्मा रोज त्याच्या ताटात तुपाची धार धरायची. शेवटच्या फोटोला तो आला तेव्हा मी विचारायच्या आधीच त्याचं नाव लिहून ठेवलं होतं.