तिच्या गटात ती एकटीच

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. माझ्याकडे वर्ग नाही, यादी आहे. कोणत्या गावात कोणतं मूल चालत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कोण पटावर आहे पण शाळेत फिरकलेलं नाही, त्यांची यादी. स्कूटीवरून गावं फिरायची आणि या मुलांचं शाळेशी असलेलं नातं तुटू द्यायचं नाही, एवढंच काम. मागच्या वर्षी त्यात खेळ आले. कॉलेजात मी गोळाफेक करायचे हे साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, "दिव्यांग मुलांच्या खेळाचं तुम्हीच बघा." घरी येऊन मी नवऱ्याला ही बातमी पेढा दिल्यासारखी सांगितली. ते आठवलं की आता लाज वाटते.

ती मला धारूरच्या डोंगराकडेच्या एका गावात भेटली. सतरा वर्षांची. लहानपणीच्या तापात दोन्ही पाय गेलेले. सातवीपर्यंत आईनं तिला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं. आठवीची शाळा पलीकडच्या गावात, तिथं तिचं शिक्षण थांबलं. मी गेले तेव्हा ती दारात बसून वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा राखत होती. मी चप्पल काढत होते, तेवढ्यात एक बकरी शेंगांकडे वळली. पोरीनं हाताशी पडलेलं ढेकूळ उचललं आणि कमरेवरचं सगळं अंग फिरवून असं फेकलं की ते अंगण ओलांडून बकरीच्या पुढ्यात फुटलं.

"परत मार बरं," मी म्हणाले.

"बकरी तर पळाली."

"बकरीला नको. त्या बाभळीला मार."

तिनं मारलं. बाभळ लांब होती. मी आणखी मारायला लावलं, तशी तिची आई आतून बाहेर आली. "बाई, तुमी शिकवायला आला का? लेकराला ढेकळं कावून मारायला लावता?"

मी मायलेकींना बसून करायच्या गोळाफेकीबद्दल सांगितलं. मोबाइलवर दाखवलंही. आईनं एकदा बघून मान वळवली. मुलीनं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि परत दिलाच नाही, चार्जिंग संपेपर्यंत.

धारूरच्या एका वेल्डरकडून मी उंच लोखंडी खुर्ची करून घेतली. फेकताना ती हलू नये म्हणून चारही बाजूंनी जमिनीत खुंट्या ठोकून बांधायची, आणि बसणाऱ्याच्या मांड्या पट्ट्यांनी खुर्चीला. गावातल्या शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी तिला खुर्चीत बसवल्यावर ती कितीतरी वेळ नुसती इकडंतिकडं बघत राहिली.

"काय झालं?"

"मॅडम, आमच्या गावात एवढं मोठं ग्राउंड हाय हे मला म्हाईतच नव्हतं."

तिच्या घरापासून ते मैदान हाकेच्या अंतरावर होतं. तिनं शाळा सोडल्यावर झालेलं, ते तिच्या नुसतं कानावर आलेलं.

त्या पावसाळ्यात ती बदलली. मी येणार त्या दिवशी वेणी घालून, जुना टी-शर्ट घालून दुपारपासून तयार बसायची. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या कामाला आम्ही अंबाजोगाईला गेलो, तेव्हा दवाखान्याच्या चाकाच्या खुर्चीत बसून उतारावरून स्वतः खाली आली आणि म्हणाली, "अजून एकदा." तिसऱ्या वेळी आईसुद्धा हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. मला त्या दिवशी वाटलं, हेच ते काम. याच्यासाठीच आपण होतो.

स्पर्धेचं पत्र आलं, तारीख दिवाळीनंतरची. राज्याची निवड चाचणी, आणि ती नेमकी ऊसतोडीच्या हंगामात. तिची शाळा सुटल्यापासून तिचे आई-वडील दर साल तिला घेऊन टोळीबरोबर माजलगावकडं तोडीला जात. तोडीला जोडी लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता. आई मागं राहिली तर बापाला अर्ध्या कोयत्यावर जावं लागणार, म्हणजे तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडीत चढवायच्या, सगळं एकट्यानं. बाप तंबाखू मळत म्हणाला, "म्या जातो पुढं. तुमी पोरीचं उरकून या." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "जल्मात कंदी काई मागितलं न्हाई तिनं, बाई."

टोळी गेली. गाव निम्मं ओस पडलं. आम्ही रोज सराव करू लागलो.

चाचणीच्या आठ दिवस आधी मला फोन आला. नावं नोंदवून घेणारा माणूस सांगत होता, "मॅडम, तुमच्या मुलीच्या अपंगत्वाच्या गटात अजून दुसरं नाव आलेलं नाही. बघू, येतील शेवटपर्यंत." मी 'बरं' म्हणाले. त्या संध्याकाळी मी मैदानावर गेले. तिचा गोळा आदल्या दिवशीपेक्षा पुढं पडला. तिनं दोन्ही हात वर केले. मी काहीच सांगितलं नाही. येतील की कुणी, एवढं मोठं राज्य आहे, असं मनाशी म्हणत राहिले.

दोन एसट्या बदलून आम्ही तिघी चाचणीच्या शहरात पोचलो. पायऱ्या आल्या की कधी आईनं, कधी मी तिला पाठीवर घेतलं. डॉक्टरांनी तिचे पाय, कंबर, हात तपासून गट ठरवला. चाकाच्या खुर्च्यांतल्या, कुबड्यांवरच्या, एका हाताच्या मुली एकमेकींशी हसत-बोलत होत्या, आणि ती त्यांच्याकडं डोळे फाडून बघत होती. "मॅडम, ह्या सगळ्या घरून एकट्या आल्यात?" तिनं हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावं पुकारली. तिचं नाव आलं नाही. मी टेबलाशी गेले. तिथला पंच स्वतः कुबडी घेऊन चालणारा होता.

"ताई, या गटात एकच नाव आहे. निदान तीन असल्याशिवाय स्पर्धा घेता येत नाही. रद्द झालीय."

"इतकी लांबून आलीय ती."

"मला कळतंय हो," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडं बघणं टाळलं. मग म्हणाला, "सगळं संपल्यावर तिला फेकू देतो. नोंद होणार नाही, पण फेकू दे."

मी येऊन तिला हे सांगितलं.

"कुणासंग फेकू?" तिनं विचारलं.

"एकटीच. सगळे बघतील."

"तसं तर गावातबी फेकतेच की."

तिनं गोळ्याला हात लावला नाही. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं ते आईनं पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली ठेवलं. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. बीडच्या अलीकडं तिनं तोंड न वळवता विचारलं, "तुमाला आधी म्हाईत होतं का?"

"नाही गं," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप होतं. आईला टोळीत जाणं भाग होतं, आणि पोरीला एकटं कुणाच्या जिवावर ठेवणार? दर सालासारखं तिलाही उचलून बरोबर नेलं.

जानेवारीत मी माजलगावकडं गेले. कालव्याच्या कडेला टोळीच्या कोपी होत्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, वाकून आत शिरायच्या. एका कोपीच्या तोंडाशी ती बसली होती. टोळीतली तीन तान्ही पोरं तिच्याभोवती. एक मांडीवर, एक पाठीशी, आणि एकाच्या पायाला बांधलेल्या दोरीचं टोक तिच्या मनगटाला, कारण ते कालव्याकडं रांगत जायचं आणि तिला धावता येत नव्हतं. वेणी नव्हती. केसांत पाचटाचा भुसा होता.

आई दुपारी फडातून आली. उसाच्या पात्यांनी तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. पाणी पिऊन ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळू आवाजात बोलू लागली.

"बाई, आधी ही गप बसून राहायची. आमाला वाटायचं, हिला काई लागतच न्हाई. आता सकाळच्याला आमी निघालो की रडती. तुमी वाईट केलं असं न्हाई म्हणत मी. तुमी लई केलं. पण तुमी यायला नव्हतं पायजे."

मी मान खाली घातली.

निघताना मुलीनं मला बोलावलं. मांडीवरचं पोर झोपलं होतं म्हणून ती कुजबुजत बोलली. "मॅडम, माझ्यासारख्या अजून दोघी शोधा ना. तीन झाल्या तर घेत्याल ना?"

"घेतील."

"मग शोधा. असत्याल की. मी न्हवते का, घरातच?"

मार्चमध्ये मी वर्षाचा अहवाल लिहिला. एक खेळाडू, राज्यस्तरीय निवड चाचणीत सहभाग. हे खोटं नव्हतं. साहेब खूश झाले, बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी अंबाजोगाईला काढलेला तिचा फोटो त्यांनी मोठा करून लावायला घेतला. फोटोत ती चाकाच्या खुर्चीत आहे आणि हसते आहे.

त्यानंतर मी खरोखर शोधलं. यादीतली प्रत्येक मुलगी पाहिली. एकीचं लग्न उरकलं होतं. एकीच्या भावानं दारातच सांगितलं, "आमच्या घरात तसं कुणी न्हाई," आणि त्याच्यामागं उंबऱ्याच्या आत मला तिची सावली दिसत होती. धाकट्या बहिणीची सोयरीक जुळायची होती म्हणे. मग मे महिन्यात एका वस्तीवर एक सापडली. पंधरा वर्षांची, पाय तसेच, आणि खांदे असे रुंद की मी दारातच थबकले. ती जमिनीवर बसून मुसळानं तिखट कुटत होती. शांत होती. मला बघून तिनं घाम पुसला आणि सरळ हसली.

तिची आई म्हणाली, "या बाई. काय काम काढलं?"

माझ्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ होता. मी पर्समध्ये हातही घातला. मग त्या मुलीकडं बघितलं, आणि मला कोपीच्या तोंडाशी बसलेली पहिली मुलगी दिसली.

"काही नाही," मी म्हणाले, "यादीतलं नाव तपासायला आले होते." पाणी प्याले आणि निघाले.

मी बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. या मुलीला कळलंच नाही की तिच्या दारापर्यंत काय आलं होतं. आणि पहिलीच्या वाट्याची दुसरी मी तिथंच सोडून आले.

टोळी केव्हाच परतली होती. जूनमध्ये पहिल्या पोरीनं आईच्या मोबाइलवरून फोन लावला. आवाज मोकळा होता. गावात पाऊस झालाय, मैदानावर चिखल हाय, असं सांगत होती. मग म्हणाली, "मॅडम, सापडल्या का?"

"शोधते आहे," मी म्हणाले.

"एकतरी?"

"नाही अजून."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन आईकडं दिला.