तीन बेटं ओलांडून

१८ ऑक्टोबर १९८४, गुरुवार. उद्यासाठी सुरमई साफ केली, आगळ-मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवली आणि मग लक्षात आलं, तुकड्या सुमनताईलाही पुरतील एवढ्या आहेत. ती जाऊन दीड महिना झाला. हातांना अजून कळलेलं नाही.

इथे आखातात ती सित्र्याच्या बेटावर राहायची, मी मुहर्रकच्या, मधे राजधानीचं मोठं बेट. तिचे यजमान तेलाच्या टाक्यांवर कामाला, माझे जहाजावर. माझी मुलगी इंग्रजी शाळेतली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. त्यामुळे पोटभर मराठी बोलायचा वार एकच, शुक्रवार. बस बदलून सुमनताई घामाघूम दारात उभी राहायची. “तीन बेटं ओलांडून आलेय गो, चहा टाक आधी!” मी म्हणायचे, “मधे पूल आहेत, पोहत नाही आलीस.”

ती राजापूरकडच्या खाडीकाठची. भरती-ओहोटी तिथीवरून सांगायची. एका अष्टमीला म्हणाली, “आज दुपारी पाणी उतरलेलं असणार. चल, बुसैतीनसमोरच्या वाळूच्या बेटावर तिसऱ्या काढू.” घोटाभर पाण्यातून चालत गेलो. टोपली शिंपल्यांनी भरून मागे वळतो तर वाट गायब, पाणी चढत होतं. कोकणातला हिशेब इथल्या आखाताला लागू नाही, हे तेव्हा कळलं. एका अरब कोळ्याने “यल्ला, यल्ला” करत, हसत हसत आम्हाला होडीत ओढून घेतलं. ती कमरेपर्यंत भिजलेली, आभाळाकडे बघत होती. “चंद्र तर तोच... मग पाणी असं का वागतं?”

“ते पाण्याला विचार. टोपली धर नीट,” मी म्हटलं.

सप्टेंबरमध्ये तिला हृदयाचा झटका आला. यजमानांचा फोन आला आणि मी इस्पितळात पोचले, तोवर सगळं संपलं होतं. आमच्या वरच्या मजल्यावरची वसईची नर्स त्या दिवशी त्याच वॉर्डात ड्यूटीवर होती. नंतर जिन्यात भेटली. सुमनताई शेवटपर्यंत मराठीत बोलत होती आणि आपणही तिला मराठीतच उत्तरं दिली, असं तिने मला सांगितलं... इंग्रजीत. इतकी वर्षं आमचं ‘गुड मॉर्निंग’पलीकडे गेलंच नव्हतं. सुमनताई काय बोलली, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ‘थँक यू’ म्हणून मी खाली आले. तेव्हापासून घरात वावरताना तोच एक प्रश्न सोबतीला आहे.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी मी वर नर्सकडे गेले आणि बेल वाजवली. शिफ्ट संपवून आलेली, अजून गणवेशातच होती.

“सुमनताई काय बोलत होती, ते ऐकायचंय,” मी मराठीत म्हटलं.

तिने दार पूर्ण उघडलं.

“या, बसा. बरंच बोलल्या हो त्या.”