पाहुण्यांच्या उंबऱ्यावरची फुलं

शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचं तोंड देओलिंदाला सहसा दिसत नसे. ते शुक्रवारी संध्याकाळी यायचे, दाराशेजारच्या डबीवर आकडे फिरवून किल्ली काढायचे आणि रविवारी दुपारच्या आत निघून जायचे. मग ही बादली घेऊन आत शिरायची. ग्लासांवरून भांडण झालं की नाही, बेसिनमधल्या केसांवरून बाई तरुण की वयस्क, आणि चादरीवरून काय काय, ते तिला कळायचं, पण कोणाला सांगायची नाही. या मंडळींना कसली म्हणून घाई नसते. दोन दिवस हातात, तरी खिडकीत बसून नदीकडे बघत एक कप कॉफी तासभर पितात. घाई सगळी देओलिंदाच्या वाट्याला, कारण अकराला हे गेले की तीनला दुसरे हजर.

आणि घर कोणाचं म्हणाल, तर तिचंच. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या नदीकाठच्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, तिनं एकतीस वर्षं संसार केला होता. म्हातारा मालक गेला, मुलांनी इमारत विकली, नव्या मालकानं सहा महिन्यांत घर खाली करा म्हणून कागद हातात ठेवला. देओलिंदा आणि तिचा नवरा आर्मिंदो वीसेक पायऱ्या वर, एका अंधाऱ्या खोलीत राहायला गेले. आर्मिंदोनं तिथं दोन हिवाळे काढले आणि गेला. खालच्या घराच्या भिंती फोडून, दगड उघडे करून, पांढरे पडदे लावून ते झालं पाहुण्यांचं घर. झाडू-पोछ्याला जवळ राहणारी बाई हवी होती. देओलिंदापेक्षा जवळ कोण? पहिल्या दिवशी तिला लाज वाटली, दुसऱ्या दिवशी कमी वाटली. फक्त मुलाला सांगायचं तिच्यानं झालं नाही. टेल्मो लक्झेंबर्गला एका वास्तुविशारदाच्या कचेरीत होता. त्याला तिनं सांगितलं होतं, चर्चच्या स्वयंपाकघरात मदतीला जाते म्हणून.

आता ईस्टरचं. ईस्टरच्या रविवारी त्यांच्याकडे चर्चमधून क्रूस निघतो आणि घरोघर जातो. ज्याला तो घरात हवा त्यानं उंबऱ्यावर फुलं आणि हिरवा पाला पसरायचा. ज्या दारात फुलं नाहीत, तिथं क्रूस थांबत नाही. क्रूस आला की घरातल्यांनी ओळीनं उभं राहून त्याचं चुंबन घ्यायचं, मोठ्या माणसानं आधी. मग सगळ्यांना केक, बदाम, घोटभर गोड वाइन. देओलिंदाच्या लहानपणी या गल्लीत चौदा दारांत फुलं असायची, चालायला जागा नसायची. नोव्हेंबरात समोरची झुल्मिरा गेली आणि एकच दार उरलं.

"एका दारासाठी मी त्या पायऱ्या चढायचो नाही, देओलिंदाबाई," आबीलिओनं चर्चबाहेर स्पष्ट सांगितलं. हा तिच्या ओळखीचा म्हातारा सुतार. दर वर्षी लाल झगा चढवून क्रूस तोच नेतो. "गुडघे गेलेत माझे. तुम्हीच खाली या ना, चर्चमध्ये."

"चर्चमध्ये तर मी रोजच असते. घरात यायला हवा तो. आणि एक दार कोण म्हणालं? दोन आहेत."

"दुसरं कोणाचं?"

"या तर खरं," ती म्हणाली. ईस्टरच्या तोंडावर, चर्चच्या पायरीवर उभी राहून बाई खोटं बोलली.

तिला हवं तरी काय होतं? क्रूसासमोर एकटीनं उभं राहायचं नव्हतं, बस. त्याच संध्याकाळी तिनं टेल्मोला फोन केला. "येशील का रे? चार वर्षं झाली. दोन दिवस तरी ये."

"सुट्टीच नाही गं आई. काम गळ्यापर्यंत आलंय. उन्हाळ्यात बघू."

"बघ," ती म्हणाली, आणि विषय बदलून हवेचं बोलली. फोन ठेवल्यावर मात्र पदरात काही पडलं नाही असं तिला वाटलं. मुलगा नाही तर नाही, निदान क्रूस तरी गल्लीत चढावा, असं मनाशी धरून ती कामाला लागली.

रविवारी सकाळी तिनं कॅमेलियाच्या पाकळ्या आणि बडीशेपेची पानं आधी पाहुण्यांच्या दारात पसरली, मग वर जाऊन स्वतःच्या. फोनवर कामाचा निरोप होता: पाहुणे दोन, एलोदी नावानं, विमानतळाची गाडी अकराला. असे लोक दहाच्या सुमारास न्याहारीला बाहेर पडतात, हा तिचा सहा वर्षांचा अनुभव. ते गेले की आपण किल्लीनं दार उघडायचं, यजमानीण म्हणून उभं राहायचं आणि मग पळत वर आपल्या दारी. बेत चांगला होता. दहा वाजले तरी पाहुणे हलले नाहीत, एवढाच काय तो घोळ. खालून घंटा ऐकू यायला लागली तशी ती दुसऱ्या मजल्यावर धावली. मागोमाग आबीलिओ क्रूस घेऊन धापा टाकत, आणि त्याची बायको फिलोमेना घंटा वाजवत. त्या घंटेनं मेलेलंही उठलं असतं. दार आतून उघडलं.

दारात टेल्मो होता. अंगात पांढरा मऊ झगा, तिनंच शुक्रवारी इस्त्री करून टांगलेला, आणि हातात कॉफीचा कप. तो पाकळ्यांकडे बघत राहिला, मग क्रूसाकडे, मग आईकडे, तिच्या हातातल्या किल्लीकडे.

"आई," तो पुटपुटला, ओठातल्या ओठात. "तू इथे..."

मागून एक मुलगी आली. गोड चेहऱ्याची, केस ओले. तिनं फ्रेंचमध्ये विचारलं, "काय चाललंय? या कोण?" देओलिंदाला तेवढं कळलं. तिच्या बहिणीनं वीस वर्षं पॅरिसमध्ये लोकांच्या फरश्या पुसल्या होत्या आणि सुट्टीला आली की निम्मं बोलणं त्याच भाषेत.

टेल्मोनं तोंड उघडलं. मग मिटलं. पाच वर्षांचा असताना बरणी फोडून असाच उभा राहिला होता तो, आणि तेव्हाही आईनंच सांभाळून घेतलं होतं.

"मी सफाईवाली, मॅडम," देओलिंदा मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "सण आहे म्हणून दारात फुलं टाकली. तुम्हाला उठवलं, माफ करा."

आता त्यानं बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की ही माझी आई आहे. देओलिंदा थांबली. आबीलिओ थांबला, फिलोमेनाची घंटाही थांबली. टेल्मोनं मान खाली घातली.

आबीलिओचा चेहरा त्याच्या स्वतःच्या झग्यासारखा लाल झाला. त्यानं क्रूस सरळ देओलिंदापुढे धरला. "घरातल्या मोठ्या माणसानं आधी," तो म्हणाला.

"हे घर माझं नाही, सेन्योर आबीलिओ. पाहुण्यांना द्या."

टेल्मोचे गुडघे आपसूक टेकले. त्यानं क्रूसाचं चुंबन घेतलं, डोळे मिटून, बापासारखं. मुलीला ते फार आवडलं. बिचारीचा काय दोष? तिनं फोन काढला. "किती सुंदर! तुम्ही दोघं उभे राहा ना शेजारी, एक फोटो घेते."

आणि मायलेक शेजारी उभे राहिले, आपल्याच घराच्या दारात. चार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. मागून त्यानं तिची बाही चिमटीत धरली. "मी दुपारी येणारच होतो," तो हळूच म्हणाला. "हे आपलं घर तिला दाखवायचं होतं. वरची खोली... कसं सांगणार होतो मी?"

"हो रे," ती म्हणाली. अकराची गाडी तिला माहीत होती. फोटो झाला आणि त्यानं बाही सोडली.

वर जाताना आबीलिओ दर पायरीला फुरफुरत होता. "मागे फिरतो आणि चार शब्द सुनावतो त्याला. आर्मिंदो असता तर कान उपटला असता."

"नको. दोन दिवसांची सुट्टी आहे त्याची. सुखानं जाऊ दे."

"आणि तुमचं काय?"

ती पुढची पायरी चढली. आपल्या खोलीत, बल्बच्या उजेडात, तिनं एकटीनं क्रूसाचं चुंबन घेतलं. फिलोमेनानं केकचा तुकडा तिच्या तोंडापुढे धरला, तो तिनं घेऊन बशीत ठेवून दिला. ती दोघं गेल्यावर देओलिंदानं भाजलेलं कोकरू ओव्हनमधून काढलं, झाकलं, आणि दार उघडं ठेवून खुर्चीत बसली. न जाणो, येईलही. वीस पायऱ्या तर होत्या. अकराला पाच कमी असताना खाली दार वाजलं. बॅगांची चाकं पायऱ्यांवर आपटायला लागली. ती उठून उभी राहिली, केस सारखे केले, कान लावला. आवाज खाली खाली गेला, नदीच्या बाजूला, आणि मग गाडीचं दार लागलं. कोणी तिला विचारलं असतं, तर काळीज फुटलं एवढंच सांगता आलं असतं तिला.

साडेअकराला ती बादली घेऊन खाली गेली, कारण तीनला पुढचे येणार होते. उंबऱ्यावरच्या पाकळ्या तिनं झाडून घेतल्या. कप धुऊन पालथे ठेवलेले होते. झोपायच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली.

पलंग आवरलेला होता. सहा वर्षांत एकाही पाहुण्यानं पलंग आवरला नव्हता; आवरून करायचं काय, चादर बदलायचीच असते. इथं चादर ताणून बसवलेली, चारी कोपरे घट्ट दुमडून आत खोचलेले, उशीवर उशी. असे कोपरे तिनं याच खोलीत, याच खिडकीखाली, सात वर्षांच्या पोराला शिकवले होते, हात धरून.

देओलिंदा पलंगाच्या कडेवर बसली. तिला तो तसाच ठेवायचा होता, निदान एक रात्र. मग तिनं एकेक कोपरा सोडवला, चादर ओढून काढली, तिच्यात तोंड खुपसून पोटभर रडली, आणि चादर मशीनमध्ये टाकली.