गार हात

माझी वहिनी हेस्टर. तिचे हात बारमाही गार. माझा भाऊ विल्फ म्हणायचा, "बायको नाही, विहिरीतला दगड आहे." पण नाताळच्या पुडिंगात घालायची बैलाच्या गुरद्याभोवतीची चरबी साफ करायला असेच हात लागतात. गरम हातात ती पाघळते, मैद्यात जिरते, आणि पुडिंग आठ तास वाफवलं तरी आत गच्च राहतं.

अडतीस वर्षं मी कत्तलखान्यात काम केलं. चरबी मी आणायचो, पण हात लावायची सोय नव्हती. "भावजी, तुमचे हात म्हणजे भट्टी. लांब बसा."

गल्लीतल्या नऊ घरांची चरबी तीच करायची. पापुद्रा सोलायचा, शिरा वेचायच्या, किसायचं, मैदा भुरभुरायचा. दोन तास मान वर नाही. नाताळच्या महिनाभर आधीच्या रविवारी घरातला प्रत्येकजण कच्चं पुडिंग एकदा ढवळतो. त्याच्या आदल्या शुक्रवारी हे काम.

एका वर्षी त्या शुक्रवारी दुपारी ती मध्येच थांबली. चरबी बोटांना चिकटली होती.

"वहिनी, ताप आहे का?"

"नाही." तिने हात पुढे केला. उबदार होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "आता चरबी तुम्ही धरा."

मी धरली. कोरडी, भुसभुशीत राहिली. माझी बोटं गार पडून बधिर झाली होती.

ती हसली. "मला हे तुमच्या आईकडून आलं. माझे हात गार झाले, आणि त्याच आठवड्यात त्या गेल्या."

"काहीतरीच बोलू नका."

"बोलत नाही. नऊ घरं वाट बघतायत. पापुद्रा ओढायचा, फाडायचा नाही. अहो, हळू! रेडा सोलताय का?"

अंधार पडायच्या आत काम संपवलं. तिने प्रत्येक मूठ तपासली, दोनदा परत किसायला लावलं. रविवारी नऊही घरांत जाऊन तिने पुडिंग एकेकदा ढवळलं. बुधवारी गेली.

त्याला अकरा वर्षं झाली. माझ्याशी कोणी हात मिळवत नाही. चरबी मात्र कधी पाघळली नाही.

आज पाघळली. हात धुतले, पुसले, पुन्हा धरली. पुन्हा चिकटली. खिडकीतून शेजारच्या मेव्हिसला हाक मारली. ती बोटांवर फुंकर मारत आली.

"आमोसकाका, बाहेर तर ऊन आहे. सकाळपासून हातच गारठलेत माझे."

मी परात तिच्यापुढे सरकवली.

"बस. पापुद्रा ओढायचा, फाडायचा नाही."